एक बरोबर एक

माणसाने स्वतःला काय म्हणवून घ्यावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. ज्याच्या दारावर पाटी आहे तो डॉक्टर, ज्याच्या हातात खडू आहे तो मास्तर, आणि ज्याच्याकडे लोक रांगेत उभे राहून रागाने बघतात तो बँकेतला कारकून, इथपर्यंत सारे ठीक आहे. पण रात्री जेवणखाण आटोपल्यावर, सगळे घर झोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर जो माणूस चोरासारखा कॉम्प्युटर उघडून बसतो आणि वेबसाइट लिहितो, त्याला काय म्हणावे? आमची ही त्याला जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखे नाही.

हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो महिन्यातल्या एका दुसऱ्या शनिवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, पुण्यातल्या एका इंजिनियरिंग कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर. सॉफ्टवेअर कसे लिहावे यावर तिथे दोन दिवसांची कार्यशाळा होती. दुसरा शनिवार म्हणजे बँकेला सुट्टी आणि रविवार तर आपलाच, तेव्हा रजा न काढता ज्ञान मिळत होते. अशी संधी बँकेतला माणूस सोडत नाही. दारातल्या मुलीने एक फॉर्म पुढे केला. नाव लिहिले. शिक्षण, बी. कॉम., तेही लिहिले. तिसरा रकाना होता, 'आपण कोण?' चाळीस वर्षांहून अधिक आयुष्य काढूनही हा प्रश्न मला कोणी इतक्या सरळ विचारला नव्हता. उपनिषदांतल्या ऋषींनी त्यासाठी अरण्ये पालथी घातली. इथे त्याला दीड इंच जागा होती.

मी बराच वेळ पेन धरून उभा राहिलो. 'प्रोग्रॅमर' लिहावे तर हात धजेना. 'कारकून' लिहावे तर मग इथे कशाला आलात, असे ती विचारील. शेवटी मी 'स्वयंशिक्षित' असे लिहिले. मुलीने वाचले आणि म्हणाली, "वा काका! म्हणजे एकलव्य!"

मला अंगठा एकदम दुखल्यासारखा वाटला.

आत पंचविसेक मुले होती. मुलेच म्हणायची. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर रंगीबेरंगी चिकटपट्ट्या होत्या. माझ्या लॅपटॉपवर दसऱ्याला ओढलेले हळदकुंकवाचे बोट होते, आणि कीबोर्डात झेंडूची एक पाकळी अडकली होती ती मला तिथेच सापडली. ओळखी सुरू झाल्या. कोणी बॅकएंड होता, कोणी फ्रंटएंड होती, एक तर दोन्हीकडून होता. माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी बँकेत असतो."

"अच्छा, बँकेच्या आयटीत?"

"नाही. काउंटरवर."

यावर कोणी हसले नाही. हसले असते तर बरे वाटले असते.

आता मी या वाटेला लागलो कसा, ते सांगितले पाहिजे. २०२० सालच्या टाळेबंदीत बँका चालू होत्या, पण संध्याकाळी घरी आल्यावर करायला काही नव्हते. लोक घरोघर केक भाजत होते. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना नोटिशी लावायला फळा होता, पण फळ्यापाशी येऊन वाचायला लोकांना बंदी होती. तेव्हा मी म्हणालो, मी वेबसाइट करतो. का म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. मला तेव्हा वेबसाइटमधले 'वे' कळत नव्हते. पण शिकलो. पीएचपी नावाची भाषा शिकलो. रासमुस लर्डॉर्फ नावाच्या गृहस्थाने १९९५ साली ती लोकांपुढे ठेवली. मुळात ती त्याच्या स्वतःच्या घरगुती पानासाठी केलेली हत्यारे होती, आणि नावातली अक्षरेही त्या घरगुती पानाचीच होती. घरगुती म्हटल्यावर मला धीर आला. मग जावास्क्रिप्ट शिकलो. तिचा पहिला खर्डा त्याच वर्षी ब्रेंडन आइक याने दहा दिवसांत तयार केला. आपल्याकडे दहा दिवसांत गणपती येऊन जातात. मला ती समजायला दोन गणपती लागले.

पण साइट उभी राहिली. छत्तीस फ्लॅटची. मेंटेनन्सची बिले, पाण्याच्या तक्रारी, गच्ची कोणाला कधी हवी त्याची नोंद. प्रत्येकाला आपले नाव आणि आपला पासवर्ड. सोसायटीत मला लोक 'कॉम्प्युटरवाले' म्हणू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर आपल्या भावाशी माझी ओळख करून देताना 'हे आमचे इंजिनियर' असे म्हटले, आणि मी ती चूक दुरुस्त केली नाही. हा तपशील लक्षात असू द्या. पुढे उपयोगी पडणार आहे.

कार्यशाळेचा पहिला दिवस बरा गेला. शिकवणारी मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची होती. मी तिला 'मॅडम' म्हणत होतो, ती मला 'काका' म्हणत होती, आणि या व्यवहारात दोघेही थोडेथोडे अवघडलो होतो. तिने विचारले, "काका, तुम्ही जुन्या आवृत्त्या कशा सांभाळता?" मी अभिमानाने माझे कपाट उघडून दाखवले. त्यात फोल्डर होते: 'साइट', 'साइट नवीन', 'साइट नवीन २', 'शेवटची', 'अगदी शेवटची', 'शेवटची खरी' आणि 'हिला हात लावू नये'. मुले टाळ्या वाजवू लागली. त्यांच्या हार्ड डिस्कवरही हेच फोल्डर होते, असे मागाहून कळले. मानवजात शेवटी एकच आहे.

मग तिने गिट दाखवले. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ साली केलेले. त्यात केलेला प्रत्येक बदल कोणी, कधी आणि का केला याची नोंद राहते, आणि जुने पुसून टाकले जात नाही. मी म्हणालो, "मॅडम, हे आम्हाला नवीन नाही. खतावणीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, ती अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही करायची." ती म्हणाली, "मग काका, तुम्ही फोल्डर का करत होता?"

याला उत्तर नव्हते. बँकेत जो नियम मी झोपेतही पाळतो, तो घरी का पाळला नाही? मला वाटते, बँकेत तो नियम होता आणि घरी तो फक्त ज्ञान होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "आता कोणाचा तरी खरा कोड पडद्यावर लावून आपण सगळे मिळून वाचू या. कोण देतं?" सगळी मुले आपापल्या बुटांकडे पाहू लागली. मी हात वर केला. धैर्य म्हणून नव्हे. पाच वर्षे साइट एक दिवस बंद पडली नव्हती, आणि कोणीतरी जाणत्या माणसाने ती पाहून 'वा' म्हणावे, अशी इच्छा होती. माणसाच्या बहुतेक अपघातांच्या मुळाशी हीच इच्छा असते.

पडद्यावर आमच्या सोसायटीचे पान उजळले. वर मी स्वतः काढलेला इमारतीचा फोटो. ती म्हणाली, "छान आहे." मग पासवर्डच्या चौकटीत तिने एक चिमुकले एकेरी अवतरणचिन्ह टाकले, पुढे इंग्रजीत 'किंवा' असे लिहिले, आणि त्यापुढे 'एक बरोबर एक'. बटण दाबले.

साइटने तिला "नमस्कार, अध्यक्षसाहेब" असे म्हटले.

मला काही कळेना. तिने समजावून सांगितले. माझा प्रोग्रॅम माणसाने लिहिलेला पासवर्ड उचलून जसाच्या तसा आपल्या प्रश्नात जोडत होता आणि तो प्रश्न डेटाबेसला विचारत होता. त्यामुळे डेटाबेसला ऐकू गेलेला प्रश्न असा झाला: या माणसाचा पासवर्ड बरोबर आहे का, किंवा, एक बरोबर एक आहे का? डेटाबेस बिचारा प्रामाणिक. त्याने विचार केला, पासवर्डचे काही खरे नाही, पण एक बरोबर एक हे तर खरेच आहे. या, बसा. आणि यादीतले पहिले नाव अध्यक्षांचे होते, तेव्हा त्यांच्या खुर्चीवर बसवले.

कल्पना करा. एक गृहस्थ काउंटरवर येतो आणि म्हणतो, "माझी सही जुळत असेल, किंवा सूर्य पूर्वेला उगवत असेल, तर मला पन्नास हजार द्या." आणि मी खिडकीतून सूर्य बघून पैसे मोजतो!

याला इंजेक्शन म्हणतात. म्हणजे बाहेरच्या माणसाने आपल्या वाक्यात आपले शब्द टोचायचे. १९९८ साली हे छापून आले होते. अहो, आणि इलाज तर मी रोज लोकांना सांगतो! चेकवर रक्कम लिहिली की पुढे 'फक्त' लिहा आणि रेघ ओढा, म्हणजे मागाहून कोणाला काही घुसडता येणार नाही. प्रोग्रॅममध्येही तसेच असते. प्रश्न आधी पक्का बांधून ठेवायचा आणि लोकांचे लिहिणे फक्त मोकळ्या चौकटीत घ्यायचे. मग चौकटीत कोणी काही लिहो, ती माहितीच राहते, हुकूम होत नाही. वीस वर्षे दुनियेला 'फक्त' लिहायला लावणारा मी, माझ्याच प्रोग्रॅममध्ये 'फक्त' लिहायला विसरलो होतो.

पण खरा प्रसंग पुढेच होता. तिने सहज विचारले, "काका, कोणी पासवर्ड विसरलं तर काय करता?"

"काही अडचण नाही," मी म्हणालो. "मला फोन करतात. मी बघून सांगतो."

वर्गात शांतता पसरली. मला वाटले, सेवेच्या तत्परतेने मुले भारावली असावीत. म्हणून मी ते टेबलच उघडून दाखवले. भिंतीवर छत्तीस नावे आणि त्यापुढे छत्तीस पासवर्ड, टपोऱ्या अक्षरांत.

"काका, हा डेटा खरा आहे?"

"अर्थात! खोटा कशाला आणू?"

त्या मुलीने पुढच्या क्षणी हजेरीचे रजिस्टर उचलले आणि प्रोजेक्टरच्या भिंगापुढे उभे धरले. भिंत काळी झाली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर मी भांडलो असतो. रस्त्यात कोणाचे वस्त्र सुटले तर शहाणी माणसे जशी आधी आपली मान वळवतात, तसा तो चेहरा होता.

मग तिने हळू आवाजात, सगळ्यांनाच सांगितल्यासारखे, सांगितले. पासवर्ड ठेवायचाच नसतो. तो दळायचा असतो. गहू दळले की पीठ होते, पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. आपण फक्त पीठ ठेवायचे. माणूस पुढच्या वेळी आला की त्याने दिलेले गहू त्याच जात्यात दळायचे आणि पिठाशी पीठ ताडून पाहायचे. शिवाय दळताना प्रत्येकाच्या गव्हात वेगळे चिमूटभर मीठ टाकायचे. त्याला खरोखरच मीठ म्हणतात. म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळे निघते. मॉरिस आणि टॉम्पसन यांनी हे १९७९ साली लिहून ठेवले आहे. म्हणजे हे ज्ञान जवळजवळ माझ्याच वयाचे. आम्ही दोघे एकाच जगात इतकी वर्षे राहिलो, पण गाठ पडली नाही.

मी बचाव करून पाहिला. म्हटले, बँकेत नाही का आम्ही सहीचा नमुना जपून ठेवत? ताडून पाहायचे तर मूळ हवेच ना? ती म्हणाली, "आणि काका, कार्डाचा पिन?"

मी गप्प बसलो. दिवसातून दहा वेळा मी लोकांना सांगतो, पिन कोणाला सांगू नका, बँकेतल्या माणसालासुद्धा सांगू नका. तो बँकेतला माणूस म्हणजे मीच.

त्या रात्री झोप आली नाही. वास्तविक घडले काहीच नव्हते. कोणी घुसले नव्हते, कोणाचा रुपया गेला नव्हता. मग मला टोचत होते ते काय? सकाळी हा प्रश्न घेऊन मी वरच्या मजल्यावरच्या प्रोफेसरसाहेबांकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले आहे आणि निवृत्तीनंतर त्यांना ऐकणारा कोणी मिळत नाही. त्यामुळे चहा ताबडतोब आला.

ते म्हणाले, "क्लिफर्ड नावाचा एक इंग्रज होता. मूळचा गणिती. १८७७ साली त्यानं एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजाचा मालक आहे. जहाज जुनं झालेलं, डागडुजी हवी, अशी शंका त्याला येते. पण खर्च मोठा. मग तो मनाची समजूत घालतो, इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. आणि हळूहळू त्याचा मनापासून विश्वास बसतो. जहाज निघतं आणि प्रवाशांसकट बुडतं. आता सांगा, तो दोषी की नाही?"

"दोषी."

"आणि समजा जहाज बुडालंच नाही. सुखरूप पोचलं. मग?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"क्लिफर्ड म्हणतो, तरीही तितकाच दोषी. फक्त पकडला गेला नाही, एवढंच."

मला एकदम आमचे जुने हेडकॅशियर आठवले. मी बँकेत नवा असताना एका संध्याकाळी कॅशचा ड्रॉवर कुलूप न लावता घरी गेलो होतो. सकाळी येऊन पाहतो तो पैसे जागच्या जागी. मी हसत हसत त्यांना सांगितले, काही गेले नाही. ते म्हणाले, "ते चोराचं सौजन्य. तुझं काय?" क्लिफर्डला जो निबंध लिहावा लागला तो त्यांनी पाच शब्दांत आटोपला होता.

पण मी इतक्या सहज शरण जाणार नव्हतो. म्हणालो, "सर, त्या मालकाला शंका आली होती. मला कधी शंकाच आली नाही. जे अस्तित्वात आहे हेच मला ठाऊक नव्हतं, ते मी विचारणार कोणाला? ठाऊक नसणं हा गुन्हा कसा?"

"कधीच आली नाही शंका?"

"कधीच नाही."

"मग लोकांना फोनवर पासवर्ड सांगताना तुम्ही आवाज का खाली आणता? परवा तुम्ही जिन्यात उभे राहून कोणाला तरी सांगत होता. मी वरून येताना पाहिलं. तुम्ही तोंडावर हात धरला होता."

काही प्रश्न असे असतात की त्यांना उत्तर द्यावे लागत नाही. चहा थंड होतो, तेच उत्तर.

खरे आहे. आवाज खाली येत होता. म्हणजे आत कुठेतरी कोणीतरी जागा होता आणि त्याला कळत होते की ही गोष्ट मला ठाऊक असायला नको. मी त्याला कधी बसायला खुर्ची दिली नाही, इतकेच.

तेव्हापासून मी या 'ठाऊक नव्हते'चा हिशेब मांडून पाहतो आहे. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला तेरीज शिकवतात. जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळल्या की नवशिक्याला वाटते, झाले, हिशेब बरोबर. मग मास्तर सांगतात, तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे नव्हे. एखादी नोंद साफ विसरलेली असेल तरी तेरीज जुळते. दोन चुका एकमेकींची भरपाई करत असतील तरीही जुळते. संगणकशास्त्रात डायक्स्ट्रा नावाचे एक डच पंडित होऊन गेले, १९७२ सालचे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांचेही म्हणणे हेच, की चाचणी घेऊन चूक असल्याचे दाखवता येते, चूक नसल्याचे दाखवता येत नाही. माझी साइट पाच वर्षे चालली, म्हणजे माझी तेरीज पाच वर्षे जुळली. त्यावरून मी स्वतःला पास केले.

आणि इथेच गोम आहे. बँकेत कोणीही स्वतःचे व्हाउचर स्वतः पास करत नाही. एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो. स्वतःचे अक्षर वाचताना माणूस जे लिहिले आहे ते वाचत नाही, जे लिहायचे होते ते वाचतो, म्हणून ही सोय आहे. फरक नऊने भाग जाणारा आला की आकडे उलटसुलट पडले असावेत असा अंदाज करावा, हे आम्हाला शिकवले आहे. त्रेपन्नचे पस्तीस झाले की फरक अठरा. आपले आपण शोधायला बसावे तर तास जातो. शेजारचा येतो, चहा पिता पिता बोट ठेवतो आणि जातो.

त्या कार्यशाळेत एक गंमत सांगितली होती. अडलेला प्रोग्रॅमर टेबलावर रबराचे बदक ठेवतो आणि आपला प्रोग्रॅम त्याला ओळीओळीने समजावून सांगतो. सांगता सांगता स्वतःचीच चूक स्वतःला सापडते. युक्ती झकास आहे. मी करून पाहिली. बदक नव्हते म्हणून डब्यातल्या बटाट्याला सांगितले. पण बदकाला सांगून सापडते ती आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीतली चूक. जे ठाऊकच नाही, ते बदकालाही ठाऊक नसते. पासवर्ड दळावा हे माझा बटाटा मला सात जन्मांत सांगणार नव्हता.

म्हणून मला वाटते, त्या दारातल्या मुलीने एकलव्य म्हटले ते तिला वाटले त्याहून अधिक खरे होते. आपण एकलव्याची गोष्ट ऐकतो आणि द्रोणाचार्यांवर रागावतो. रागावलेच पाहिजे. शिकवले नाही ते नाहीच, वर अंगठा मागितला. ज्यांना आत घेतले नाही त्यांनी दाराबाहेर बसून शिकले तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आतल्यांना नाही. पण ती गोष्ट माझी नाही. माझे दार कोणी लावले नव्हते. सोसायटीतच दुसऱ्या मजल्यावर इंजिनियरिंगला असलेला मुलगा राहतो. त्याला बोलावून 'जरा बघ रे' म्हणायला जिना उतरावा लागला असता, बस्स. तो मी पाच वर्षांत उतरलो नाही. मातीचा गुरू मी निवडला, कारण मातीचा गुरू 'चुकलास' असे म्हणत नाही. आणि बघायला कोणी आले असते तर 'हे आमचे इंजिनियर' कोण म्हणाले असते?

तेव्हा ठाऊक नसणे हा गुन्हा नव्हे, हे माझे म्हणणे मी अजून सोडलेले नाही. सगळे सगळ्यांना ठाऊक असते तर बँकेत चौकशीची खिडकी कशाला ठेवली असती? पण दुसऱ्याची वस्तू हातात घेतल्यावर, आपल्याला काय ठाऊक नाही हे कोणाला तरी बघू न देणे, हा गुन्हा आहे. स्वतःसाठी कविता करा, पेटी वाजवा, केक भाजा. गुरू नको, तपासनीस नको. बिघडले तर आपलेच कान आणि आपलेच पोट. छत्तीस घरांच्या किल्ल्या खिशात टाकल्या, की मग खिसा फाटका आहे का हे दुसऱ्याकडून पाहून घ्यावे लागते. आपला खिसा आपल्याला आतून दिसत नाही.

त्याच आठवड्यात मी साइट बंद केली, सगळे पासवर्ड दळले आणि सोसायटीची सभा बोलवायला लावली. आमची ही म्हणाली, "गुपचूप दुरुस्त करा ना. कोणाला कळणार आहे?" सूचना व्यवहारी होती. पण लोक एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरतात. माझ्या टेबलात होता तोच त्यांच्या बँकेत असेल तर तो त्यांनी बदलायला हवा, आणि का बदलायचा हे सांगितल्याशिवाय कोण बदलतो? तेव्हा गुपचूप हा मार्ग बंद होता. मी उभा राहिलो आणि सगळे सांगितले. सांगताना आवाज खाली येऊ दिला नाही.

अध्यक्ष म्हणाले, "काही चोरीला गेलं का?" नाही म्हटले. "मग कशाला बोलावलं? पार्किंगचा विषय घ्या." सभेने तो आनंदाने घेतला. मी जी रात्र जागून काढली होती ती पार्किंगच्या खाली तीन मिनिटांत गाडली गेली. फक्त इंजिनियर म्हणणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मला नंतर म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला सगळ्यांचे पासवर्ड दिसत होते? माझाही?" आणि त्या लाजल्या का रागावल्या, हे मला अजून कळलेले नाही.

आता दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा मी लिहिलेले सगळे तपासतो. त्याने पास केल्याशिवाय काही चढत नाही. तो निर्दय आहे. परवा त्याने एकोणीस चुका काढल्या आणि म्हणाला, "काका, बाकी मस्त आहे."

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मी विचारून सांगतो आहे. तळमजल्यावर एक आजी राहतात, एकट्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचा पासवर्ड होता त्यांच्या यजमानांचे नाव. ते जाऊन बरीच वर्षे झाली. आजी जुन्या वळणाच्या, नवऱ्याचे नाव तोंडाने घेतले ते उखाण्यात, तेवढेच. त्यांनी ते इथे लिहिले होते, कोणी वाचणार नाही म्हणून. आणि मी ते पाच वर्षे वाचत होतो, पाण्याच्या बिलासारखे.

सभेनंतर त्यांच्याकडे गेलो आणि सांगितले. वाटले, रागावतील. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाचलंस तर वाचलंस. नाव काही वाईट नाही त्यांचं."

मी म्हणालो, "आजी, आता नवीन पासवर्ड ठेवावा लागेल."

"बरं. मी मनात योजलाय. हे बघ, असं ठेवते—"

"आजी," मी म्हणालो, "ते मला सांगू नका."